वादळानें मोडलेलें घर आणि विम्याची मागणी

पीक बुडालें तर पुढच्या हंगामाची आशा असते. घराचें छप्पर उडालें तर त्याच रात्रीं निवाऱ्याची पंचाईत पडते. घराबरोबर साठविलेलें भात, बियाणें, अंथरूण-पांघरूण, मुलांचीं पुस्तकें आणि जमिनीचे कागद हें सर्वच उघड्यावर येतें. असें असूनहि आपल्या शेतकरी बंधूंत पिकाच्या विम्याची जेवढी चर्चा चालते, तिच्या दशांशहि घराच्या विम्याची चालत नाहीं. कर्ज देतांना बँकेनें घराचा विमा उतरविला, हप्ता खात्यांतून परस्पर गेला, विमापत्र बँकेच्या कपाटांत राहिलें, आणि आपल्या घराचा विमा होता हें मालकास वादळानंतर कित्येक महिन्यांनीं कळलें, असे प्रकार घडतात. ज्यांस विमा ठाऊक असतो, त्यांच्याहि पदरीं पुष्कळदां पूर्ण भरपाई पडत नाहीं. याचें कारण दरवेळीं कंपनीची लबाडी असतें असें नाहीं. नुकसान झाल्यावर पहिल्या आठ दिवसांत मालकानें काय केलें व काय करावयाचें राहिलें, यावर बराचसा निकाल ठरून गेलेला असतो. म्हणून विम्याची मागणी, म्हणजे ज्याला सर्वत्र क्लेम म्हणतात, ती कशी करावी याची माहिती येथें क्रमवार देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ११० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळें या तालुक्यांत, तसेंच रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड व दापोली या भागांत हजारों घरांचीं कौलें व पत्रे उडाले. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज व दूरध्वनी कित्येक गांवांत पुष्कळ दिवस बंद होते. साथीमुळें टाळेबंदी चालू असल्यानें मुंबईस असलेल्या घरमालकांना गांवीं येणें अवघड होतें. आणि वर पावसाळा येऊन ठेपलेला! राज्य सरकारनें त्या वेळीं पूर्ण पडलेल्या घरास दीड लाख रुपये व फळबागेस हेक्टरीं पन्नास हजार रुपये अशी वाढीव मदत जाहीर केली. अशा मदतीनें उभें राहण्यास आधार मिळतो. परंतु जांभ्या दगडाचें चार खणांचें घर दीड लाखांत पुन्हां उभें राहत नाहीं, हें बांधकामाचा अनुभव असलेल्या कोणासहि सांगावयास नको. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळ कोंकणच्या किनाऱ्याजवळून वर सरकत जाऊन ता. १७ रोजीं गुजरातच्या किनाऱ्यावर चढलें. एका घरास दोन वर्षांत दोनदां वादळाची झळ लागूं शकते, हें त्यावरून दिसून आलें.

सरकारी पंचनामा निराळा, विम्याची मागणी निराळी

सर्वांत मोठा गैरसमज येथूनच सुरू होतो. वादळानंतर महसूल खात्याचे व ग्रामपंचायतीचे अधिकारी येऊन पंचनामा करतात. तो सरकारी मदतीसाठीं असतो व विमा कंपनीकडे आपोआप जात नाहीं. “पंचनामा झाला, आतां काय तें होईल,” म्हणून स्वस्थ बसणारास विम्याची मुदत टळून गेल्यावर जाग येते. सरकारी पंचनाम्याची प्रत मात्र अवश्य मागून घ्यावी. त्या दिवशीं त्या गांवीं वादळ झालें व अमुक घराचें नुकसान झालें याचा तो चांगला पुरावा होय.

दुसरा घोटाळा विम्याच्या प्रकारांचा. घराच्या विम्यांत वाडींतील माड, पोफळी, आंबा व काजू यांची भरपाई नसते. फळझाडांसाठीं हवामानावर आधारलेली पीक-विमा योजना निराळी आहे. शेतांतील पिकासाठीं पंतप्रधान पीक विमा योजनेंत स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आंत द्यावी लागते. गुरांचा विमा आणखी तिसरा. एकाच वादळांत घर, वाडी व गोठा या तिन्हींचें नुकसान झालें, तर अर्जहि तीन ठिकाणीं करावे लागतात. एकीकडे दिलेली खबर दुसरीकडे चालत नाहीं.

विमापत्रांत काय असतें

‘निसर्ग’ वादळाच्या वेळीं बहुतेक घरें आगीच्या जुन्या प्रमाणित विमापत्राखालीं असत. त्यांत वादळ, पूर व जलप्रलय या संकटांचा समावेश असे. ता. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानें राहत्या घरांसाठीं ‘भारत गृह रक्षा’ नांवाचें एकच प्रमाणित विमापत्र सर्व सामान्य विमा कंपन्यांस लावून दिलें आहे. आग, वीज पडणें, भूकंप, चक्रीवादळ, तुफान, पूर, दरड कोसळणें इत्यादि संकटें त्यांत येतात. या संकटामुळेंच घर उघडें पडून सात दिवसांच्या आंत चोरी झाली, तर तीहि येते. घराच्या रकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लाखांहून अधिक नाहीं, इतका घरांतील सामानाचा विमा त्यांत आपोआप मिळतो. शिवाय पडझडीचा मलबा उचलण्याचा खर्च मंजूर रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, आणि वास्तुशास्त्रज्ञ किंवा अभियंता यांची फी पांच टक्क्यांपर्यंत मिळूं शकते. घर राहण्यास अयोग्य झाल्यास दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीहि सोय त्यांत आहे. या तीन बाबी पुष्कळ मालक मागतच नाहींत. आणि जें मागितलें नाहीं तें मिळत नाहीं.

काय येत नाहीं, हेंहि समजून असावें. रोख पैसे, दस्तऐवज व वाहनें हीं स्पष्ट उल्लेखावांचून येत नाहींत. विक्रीसाठीं सांठविलेला माल घरसामान समजला जाईल असें गृहीत धरूं नये. झापांचें किंवा गवताचें छप्पर असल्यास तें विमा घेतांनाच लेखी कळवावें. जुन्या प्रमाणित विमापत्रांत घर सलग तीस दिवसांहून अधिक बंद राहिल्यास कंपनीच्या संमतीवांचून विमा चालत नसे. शिमग्याला व गणपतीला तेवढें उघडणाऱ्या कोंकणांतील घरांना ही अट फार जाचक होती; अशा घराच्या मालकानें आपल्या विमापत्रांत याविषयीं काय म्हटलें आहे तें पाहून, घर बंद असतें ही गोष्ट कंपनीस लेखी कळवून ठेवणें शहाणपणाचें आहे.

पहिले आठ दिवस

येथें मालकापुढें खरा पेंच उभा राहतो. छप्पर उडालेलें, आभाळ भरलेलें. घर तसेंच ठेवावें तर भिंती भिजून कोसळतात, आणि आवराआवर करून दुरुस्ती करावी तर नुकसान पाहण्यास येणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. विम्याचा करार या दोन्ही बाजूंनीं मालकास बांधतो. नुकसान वाढूं नये म्हणून योग्य ती काळजी घेणें हें त्याचें कर्तव्य आहे. आणि मोडलेली वस्तु तपासणीसाठीं दाखविणें हेंहि त्याचेंच कर्तव्य आहे. यांतून वाट एकच आहे: घर झांकावें, पण खुणा पुसूं नयेत.

तें असें. प्रथम जिवाची काळजी. तुटलेल्या विजेच्या तारांस हात न लावतां वीज बंद करून घ्यावी. मग कशासहि हात लावण्यापूर्वीं घराच्या चारी बाजूंचीं, प्रत्येक खोलीचीं व आंतून छपराचीं छायाचित्रें घ्यावीं. हातांतल्या मोबाईलनें हें काम अर्ध्या तासांत होतें. दुरून एक व जवळून एक अशीं घ्यावीं. दुरून घेतलेल्या चित्रांत घर ओळखूं यावें, जवळून घेतलेल्यांत मोड दिसावी. घरावर झाड पडलें असेल तर तें तोडून बाजूला करण्यापूर्वीं पडलेल्या स्थितींतच त्याचें चित्र हवें. त्यानंतर ताडपत्री, जुने पत्रे, मिळेल तें टाकून घर झांकावें. ताडपत्री, दोरी, खिळे, मजुरी यांच्या पावत्या ठेवाव्या. पावती मिळत नसेल तर मजुराचें नांव, दिवस व दिलेली रक्कम वहींत लिहून त्याची सही घ्यावी. मोडके वासे, फुटकीं कौलें, वांकलेले पत्रे, भिजलेल्या गाद्या व बंद पडलेलीं यंत्रें हीं सर्व पडवींत किंवा परसांत एके ठिकाणीं रचून ठेवावीं. सरपण म्हणून वासे जाळणें किंवा पत्रे भंगारांत विकणें म्हणजे आपल्या हातानें आपला साक्षीदार घालविणें होय. सडून दुर्गंधि सुटलेलें धान्य ठेवणें शक्य नसतें. तें मोजून, चित्र घेऊन, दोन शेजाऱ्यांच्या समक्ष पुरावें व तसें टिपण करावें.

कंपनीस खबर त्याच दिवशीं, निदान मार्ग खुला होतांच द्यावी. जुन्या विमापत्राप्रमाणें पंधरा दिवसांत लेखी मागणी करावी लागे. ‘भारत गृह रक्षे’प्रमाणें मागणीचा अर्ज नुकसान प्रथम दिसल्यापासून तीस दिवसांत द्यावा लागतो. परंतु खबर देण्यास या मुदतीची वाट पाहूं नये. दूरध्वनीवरून कळविलें तर नोंदीचा क्रमांक विचारून लिहून घ्यावा व मागाहून पत्र अगर ई-मेल पाठवावें. दूरध्वनी बंद असल्यास परगांवच्या नातेवाइकाकडून खबर द्यावी; खबरेंत विमापत्राचा क्रमांक, गांव, दिवस, वेळ व नुकसानीचें थोडक्यांत वर्णन असावें. घरावर बँकेचें कर्ज असेल तर बँकेसहि त्याच दिवशीं लिहावें. अशा वेळीं भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो, व तिच्या सहकार्यावांचून रक्कम अडून राहते.

नुकसानीची यादी

“सर्व गेलें” असें लिहून कांहींच मिळत नाहीं. यादी खोलीवार करावी: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माळा, पडवी, न्हाणी. छपरासाठीं किती चौरस फूट उघडें पडलें, मंगलोरी कौलें किती, वासे कोणत्या लांकडाचे व किती लांबीचे, रिपा किती, पन्हळ किती फूट, हें मोजून लिहावें. गांवच्या सुताराकडून व गवंड्याकडून दुरुस्तीचा अंदाज सहीनिशीं घ्यावा; नुकसान मोठें असल्यास अभियंत्याकडून घ्यावा. सामानाच्या बाबतींत वस्तु, खरेदीचें वर्ष व आज तशीच वस्तु घेण्यास लागणारी किंमत असे रकाने पाडावे. पावती नसल्यास लग्नाच्या किंवा सणाच्या छायाचित्रांत ती वस्तु दिसत असेल तर तेंहि उपयोगीं पडतें. यादींत न गेलेली वस्तु घालण्याचा मोह कोणासहि होऊं नये. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. एक खोटी नोंद सांपडली कीं नव्याण्णव खऱ्या नोंदी संशयांत येतात, आणि सगळीच मागणी नामंजूर होण्याचें भय असतें.

सर्व्हेअरची भेट

मोठ्या रकमेच्या मागणीवर कंपनी परवानाधारक सर्व्हेअर नेमते. त्याची फी कंपनी देते. मालकानें द्यावयाची नसते. प्राधिकरणाच्या २०२४ सालच्या आदेशांप्रमाणें खबर मिळाल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, त्यापुढें १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय व्हावा असा क्रम आहे. सर्व्हेअर येईल त्या दिवशीं घराची पूर्ण माहिती असलेल्या माणसानें स्वतः हजर राहावें. म्हाताऱ्या आईवर किंवा शेजाऱ्यावर तें सोंपवूं नये. त्याच्याबरोबर छपरापासून जोत्यापर्यंत फिरावें आणि यादीची एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी.

सर्व्हेअरचा मुख्य प्रश्न असा असतो कीं, हें नुकसान वादळानें झालें कीं घर जुनें म्हणून झालें? जुन्या छपराची नेहमींची गळती, वाळवीनें पोंखरलेला वासा, मिठाच्या वाऱ्यानें गंजलेला पत्रा यांची जबाबदारी विमा घेत नाहीं. वाऱ्यानें कौलें उडून त्या वाटेनें आंत आलेल्या पावसानें भिंत फुगली, ती गोष्ट निराळी. म्हणून कारणांची सांखळी सरळ सांगावी: वारा, मग छप्पर, मग पाणी, मग भिंत. वाळवी लागलेली असेल तर ती दडवूं नये. पण शेजारचे धड वासे कसे मोडले तेंहि दाखवावें. मागितलेला प्रत्येक कागद पत्रासोबत द्यावा व त्याची नक्कल ठेवावी. अहवालाची प्रत मागण्याचा हक्क मालकास आहे, ती मागावी.

रकमेचा हिशेब

आमच्या मतें भरपाई कमी पडण्याचें मोठें कारण विम्याची रक्कम मुळांतच कमी असणें हें आहे. जुन्या विमापत्रांत सरासरीचें कलम असे. समजा, घर पुन्हां बांधण्यास दहा लाख लागतात व विमा पांच लाखांचाच आहे. वादळांत दोन लाखांचें नुकसान झालें. मालक समजतो, पांच लाखांचा विमा आहे तेव्हां दोन लाख मिळतील. परंतु अर्ध्या किंमतीचाच विमा असल्यानें नुकसानहि अर्धेंच भरून मिळे, म्हणजे एक लाख. ‘भारत गृह रक्षे’नें हें कलम घरमालकांपुरतें दूर केलें आहे, हा मोठा लाभ होय. तथापि घर संपूर्ण पडल्यास विम्याच्या रकमेपलीकडे कांहीं मिळत नाहीं, हें आहेच.

ही रक्कम जमिनीच्या किंमतीवर ठरवावयाची नसते. वादळ जमीन नेत नाहीं. बांधकामाचें क्षेत्र गुणिलें बांधणीचा चालू दर, एवढाच हिशेब. आठशें चौरस फुटांचें घर व दर चौरस फुटास दीड हजार रुपये धरले तर रक्कम बारा लाख येते, आणि वीस टक्क्यांप्रमाणें सामानासाठीं दोन लाख चाळीस हजार होतात. बँकेनें केवळ आपल्या कर्जाच्या रकमेइतकाच विमा उतरविला असेल तर तो पुरेसा आहे कीं नाहीं हें मालकानेंच पाहिलें पाहिजे. बँकेची काळजी आपल्या पैशांपुरती असते. कांहीं विमापत्रांत नुकसानीचा ठराविक पहिला भाग मालकावर ठेवलेला असतो, तोहि वाचून ठेवावा.

सही करण्यापूर्वीं आणि नंतर

कंपनी रक्कम ठरवून ‘पूर्ण व अखेरची’ अशा मजकुराच्या पावतीवर सही मागते. गरजेपोटीं पुष्कळजण न वाचतां सही करतात. रकमेचा तपशील, कोणती बाब किती कापली व कां, हें लेखी मागावें. रक्कम पटत नसेल तर ती घेतांना आपली हरकत पत्रानें नोंदवावी. अशा पावतीवर सही केली म्हणून पुढें दाद मागण्याचा हक्क जात नाहीं, असें प्राधिकरणानें २०१५ सालीं कंपन्यांस कळविलेलें आहे. तथापि हरकत त्याच वेळीं लेखी असली म्हणजे पुढें तंटा उरत नाहीं.

मागणी नाकारली किंवा कापली गेली तर प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर न आल्यास अगर उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. ही व्यवस्था १९९८ सालापासून चालू आहे. मुंबई व पुणें येथें तिचीं कार्यालयें आहेत. तेथें फी पडत नाहीं व वकील लागत नाहीं. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय तेथें होऊं शकतो. कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आंत तेथें जावें. ग्राहक आयोगाचा मार्गहि खुला आहे. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. या सर्व ठिकाणीं पहिल्या आठ दिवसांतलीं चित्रें, पावत्या व पत्रांच्या नकला हेंच मालकाचें बळ असतें.

पावसाळ्यापूर्वींचें काम

कोंकणांत वैशाखांत घर शाकारण्याची चाल आहे. त्याच सुमारास आणखी अर्धा दिवस विम्यासाठीं काढावा. विमापत्र बँकेंतून मागवून त्याची नक्कल करावी. मुदत कधीं संपते तें पाहावें, कारण हप्ता पोंचल्यावांचून कंपनीवर जोखीम येत नाहीं. शाकारलेल्या धड छपराचीं चित्रें घेऊन ठेवावीं. वादळापूर्वीं घर चांगलें होतें याचा याहून सोपा पुरावा नाहीं. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, म्हणजे नमुना आठ, कोणाच्या नांवावर आहे हें पाहावें. तो अजून आजोबांच्या नांवें, विमा धाकट्या भावाच्या नांवें व राहणारा तिसराच, अशी स्थिति असेल तर वारसनोंद करून घ्यावी. नाहींतर भरपाई मंजूर होऊनहि ती कोणास द्यावी या वादांत अडकते. कागदांच्या नकला परगांवच्या नातेवाइकाकडेहि एक संच ठेवाव्या.

हें काम एकट्यादुकट्यास जड वाटतें, पण गांवानें मिळून केल्यास हलकें होतें. आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेनें एक वही घालून सभासदांच्या घरांचे विमापत्र-क्रमांक, कंपन्या व मुदती त्यांत नोंदवाव्या, आणि वादळानंतर खबर देण्यास दोन जाणते तरुण नेमावे, अशी आमची सूचना आहे. सुतार व गवंडी यांचे अंदाज नमुनेवार छापील कागदावर घेतां आले तर सर्व्हेअरचेंहि काम सुकर होईल. वाऱ्याला कोणी थोपवूं शकत नाहीं. परंतु ज्या हप्त्याचे पैसे आपण घामाच्या कमाईंतून भरतों, त्याचें पुरें मोल पदरांत पाडून घेणें आपल्या हातीं आहे. तें या वैशाखापासूनच सुरू व्हावें.